सहाच्या खालचं गाव

कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात गणपतराव इंगवले टाइमकीपर होते, आणि त्यांना वेळ विचारायची नाही हे साऱ्या कारखान्याला माहीत होतं. एखादा नवखा गाडीवान ऊस घेऊन फाटकाशी यायचा आणि सहज म्हणायचा, "सायेब, किती वाजलं?" गणपतराव मोठ्या प्रेमानं बाही वर सरकवत, मनगट डोळ्यांजवळ नेत, मग दूर नेत, मग उन्हाला तिरपं धरत आणि बऱ्याच वेळानं सुस्कारा सोडून म्हणत, "सुंदर!" गाडीवान बिचारा बैलांकडं बघायचा आणि बैल गणपतरावांकडं बघायचे. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि वेळ काय झाली ते सगळ्यांना आपोआप कळायचं.

यात गणपतरावांचा दोष नव्हता. त्यांचा संबंध घड्याळाशी होता, वेळेशी नव्हता. हजेरीचं काम भोंगा आणि ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ मिळून करत असत. गणपतराव त्या दोघांच्या मध्ये सभ्यपणे बसलेले असत.

त्यांना नाद होता तो जुन्या स्विस मनगटी घड्याळांचा. जुन्या बाजारात कुणी विकायला आणलेली, कुणाच्या मयत काकांची, कुणी वैतागून टाकून दिलेली अशी ती घड्याळं बिस्किटांच्या डब्यात कापसावर झोपलेली असत. झोपलेली म्हणजे खरोखरच. त्यातलं चालणारं क्वचित एखादं. सुट्टीच्या दुपारी जेवण झालं की गणपतराव ती खाटेवर ओळीनं मांडत आणि भिंगातून त्यांच्या तबकड्या वाचत. बाकीची आळी त्या वेळी पेपर वाचता वाचता घोरत असे. पेपरात तरी काय असतं म्हणा! तबकडीवर सगळं असतं. बाराच्या खाली कंपनीचं नाव. मधोमध त्या घड्याळाची फुशारकी: मला पाण्याचं भय नाही, लोहचुंबकाचं भय नाही, माझ्या पोटात इतकी माणकं आहेत. आणि सहाच्या आकड्याखाली, पार काठाला, मान खाली घालून लिहिल्यासारखी बारीक अक्षरं: कुठं 'स्विस', कुठं 'स्विस मेड'. त्याच्या दोन्ही अंगांना इंग्रजी 'टी' असला, तर अंधारात चमकणारा रंग नव्या जातीचा. नसला तर घड्याळ जुनं, रेडियमच्या काळातलं. हे सारं गणपतराव अशा आवाजात सांगत, की ऐकणाऱ्याला आपण उगीच बी.ए. झालो असं वाटावं.

"वरचं सगळं घड्याळाची बढाई," ते म्हणत. "सहाच्या खाली त्याचं गाव."

त्या गावाला गणपतराव कधी गेले नव्हते. त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास एका भाचीच्या लग्नाला चंदगडपर्यंत झाला होता, आणि त्यातही घाटाचा बराच भाग त्यांना डोळे मिटून काढावा लागला होता. पण स्वित्झर्लंड त्यांना पाठ होतं. ते साधारण पन्हाळ्यासारखं होतं, फक्त वर बर्फ होतं आणि म्हशींच्या जागी गाई होत्या. तिथं एका घराच्या खिडकीशी एक म्हातारा बसलेला असे. त्याच्या हातात एकाच केसाचा कुंचला असे, आणि त्यानं तो सहाच्या खाली हलकेच टेकवला की बाहेरच्या गाई रवंथ करायच्या थांबत. म्हाताऱ्याच्या डोक्याला पटका होता, कारण भल्या घरचा म्हातारा बोडक्या डोक्यानं बसलेला गणपतरावांच्या कल्पनेत बसत नव्हता. कधीकधी म्हातारा मान वर करून गणपतरावांकडं बघे. दोघंही काही बोलत नसत. चांगली ओळख असली की बोलावं लागत नाही.

डब्यातल्या घड्याळांपेक्षा मोलाचं एक घड्याळ मात्र गणपतरावांच्या मनगटावर असे. ते त्यांना लग्नात मिळालं होतं. जावयाला मांडवात घड्याळ द्यायची रीत होती, पण दुसऱ्या जावयांना दुकानातलं, डबीतलं घड्याळ मिळे. गणपतरावांचे सासरे सुभेदार सयाजीराव मलकापूरचे. मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले. त्यांनी मांडवात सगळ्यांसमक्ष स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि जावयाच्या हातात बांधलं. "जावईबापू, ह्येनं मला परत आणलं. आता तुमी संबाळा," एवढंच ते म्हणाले. इटलीत एका दुकानदाराला चहापत्ती आणि गरम जर्सी देऊन त्यांनी ते घेतलं होतं. तबकडी सायीच्या रंगाची, काट्यांत हिरवा रेडियम आणि मधोमध 'वॉटरप्रूफ' ही बढाई. सहाच्या खालची अक्षरं मात्र इतक्या वर्षांत झिजून एक 'एस' आणि पुढं नुसती सावली उरली होती. ते 'स्विस' होतं की 'स्विस मेड', या प्रश्नानं गणपतरावांच्या कित्येक दुपारी खाल्ल्या होत्या.

त्या साली ऐन गळीत हंगामात मलकापूर गाडीच्या कंडक्टरनं निरोप आणला. कोल्हापुरात माजी सैनिकांचा मेळावा भरणार होता. सुभेदारांच्या पलटणीतली उरलीसुरली माणसं जमणार होती. त्या दिवशी सुभेदारांना आपलं घड्याळ हातात घालायचं होतं. एक दिवस. जावईबापूंची हरकत नसेल तर.

निरोप ऐकून झुंबरबाईंनी पदरानं डोळे पुसले. "आबांनी आजवर तुमच्याकडं कधी काय मागितलं न्हाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या लग्नात हातातलं काढून दिलं, आन् आता एका दिवसासाठी परवानगी मागत्यात. ह्यात काय उणं आलं तर मला माहेराला तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाय. ऐकतासा न्हवं?"

गणपतराव ऐकत होते. पण ऐकता ऐकता त्यांच्या मनात आलं, की सासऱ्यांच्या हातात घड्याळ द्यायचं ते पुसट गावाचं कशाला? काचेच्या आतला मळ काढावा, सहाच्या खालची जागा तेवढी स्वच्छ करावी. एवढंच. खिडकीतल्या म्हाताऱ्यानंही मान डोलावली. निदान गणपतरावांना तसं वाटलं.

आता 'एवढंच' हा शब्द मनातल्या मनात ठेवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गणपतराव तो अंगणात उभं राहून बोलले, आणि शेजारच्या बाळासोंनी तो ऐकला.

बाळासो कारखान्यात फिटर होते. जगातली प्रत्येक वस्तू ही एक तर नट आहे किंवा बोल्ट आहे, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. ते कुंपणावरून आले, भिंग मागून घेतलं, तबकडी बघितली आणि विचारलं, "मधी काय लिवलंय?"

"वॉटरप्रूफ. म्हणजे पाणी आत जात नाही."

"मग धुवा की!"

गणपतराव हसले. त्यांनी समजावून सांगितलं, की ही बढाई तीस वर्षांपूर्वीची आहे, रबर कडक होतं, माणूससुद्धा म्हातारपणी गळायला लागतो. बाळासोंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हंजे त्यो स्विस माणूस खोटं लिवतोय म्हणा की."

हा घाव वर्मी बसला. गणपतरावांच्या डोळ्यांपुढं तो म्हातारा आला. त्यानं हातातला कुंचला खाली ठेवला होता. घड्याळ धुतलं नाही तर आपण त्या माणसाला खोटा ठरवला असं होणार होतं, आणि तेही फिटरासमोर. गणपतरावांनी तांब्या मागवला.

कोमट पाणी, त्यात थोडा रिठा. अंगणात तोवर निम्मी आळी जमली होती. कुणी म्हणालं मीठ घाला, कुणी म्हणालं मीठ नको, लिंबू पिळा. पलीकडच्या चिमणाबाई म्हणाल्या, आमच्या ह्यांनी असंच धुतलं होतं. त्या घड्याळाचं पुढं काय झालं ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. गणपतरावांनी डोळे मिटून घड्याळ तांब्यात सोडलं. आतून एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग ओळच लागली.

"श्वास घ्याय लागलंय," बाळासो कौतुकानं म्हणाले.

बाहेर काढलं तेव्हा काचेआड धुकं दाटलं होतं. पांढरं, मऊ, हळूहळू सरकणारं धुकं. त्यात आकडे झाडांसारखे अंधूक उभे होते. क्षणभर गणपतराव सगळं विसरले. त्यांना वाटलं, असंच असणार. पहाटे खिडकी उघडली की त्या गावाला असंच दिसत असणार. आतून झुंबरबाईंचा आवाज आला, "झालं का धुऊन?" आणि धुकं एकदम भीतीचं झालं.

वाळवायचं कसं, यावर अंगणात मोठी चर्चा झाली. उन्हात ठेवलं तर तबकडी तडकेल, तव्यावर ठेवलं तर काटे वाकतील. शेवटी बाळासोंनीच उपाय काढला. त्यांच्या मेव्हण्याचं नदीकडंला गुऱ्हाळ होतं. रस उकळणाऱ्या चुलवाणाची ऊब कशी, कोरडी, सारखी, बाळंतिणीच्या शेगडीवानी. तिथं दोन घटका खुंटीला टांगलं की पाण्याचा थेंब राहायचा नाही. कोल्हापुरात सर्दीपासून पाहुण्यापर्यंत कशावरही गुऱ्हाळाचा उपाय चालतो. गणपतरावांना तो पटला, यात नवल नाही.

गुऱ्हाळात घड्याळ बांबूच्या खुंटीला टांगलं. गणपतरावांना बाजेवर बसवून हातात रसाचा पेला दिला. काहिलीत रस उकळत होता, सोनेरी फेस वर येत होता, खाली बसत होता. वास असा, की माणसानं आपलं नाव विसरावं. गणपतराव ते विसरलेच. फेसाचे डोंगर होऊ लागले. डोंगरांवर ऊन पडलं. एक गाय उतारावरून खाली आली आणि तिच्या गळ्यातली घंटा किणकिणली.

ती घंटा नव्हती. ओला पट्टा खुंटीवरून निसटला होता, आणि घड्याळ खाली, गूळ थंड करायच्या वाफ्याच्या काठावर आपटून आत गेलं होतं. वाफ्यात नुकताच कढत गूळ ओतलेला होता.

"कुणाचं काय पडलं रं त्ये?" गुळव्या ओरडला. गूळ बनवणारा हा माणूस गुळापुढं बापालाही ओळख देणार नाही अशी त्याची ख्याती. त्यानं लाकडी फावड्यानं चाळवाचाळव करून गुळाचा एक गोळा बाहेर काढला. गोळ्यातून पट्ट्याचं टोक लोंबत होतं. "पावणं, घड्याळाचं काय बी होऊ दे," गुळव्या म्हणाला, "पर उद्या माझ्या गुळाला चामड्याचा वास मारला, तर अडत्याला मी काय सांगू?"

गोळा घेऊन गणपतराव घरी आले. झुंबरबाईंनी तो बघितला आणि चुलीवर पाणी चढवलं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला हे किती भयंकर असतं ते कळेल. त्यांनी गरम पाण्यात फडकं भिजवून गूळ उतरवला आणि घड्याळ नवऱ्यापुढं ठेवलं. काचेआड आता धुकं नव्हतं. तबकडी काकवीच्या रंगाची झाली होती आणि तिच्यावर एकही अक्षर राहिलं नव्हतं. 'एस' गेला होता. त्याची सावलीही गेली होती.

"आबा यायच्या आत," झुंबरबाई म्हणाल्या, "मला हे होतं तसं पायजे." मग त्या आत गेल्या, आणि बऱ्याच वेळानं नाक ओढल्याचा आवाज आला. गणपतरावांनी घड्याळ उचलून खिशात ठेवलं. त्यांना त्या क्षणी स्वित्झर्लंडही आठवेना.

महाद्वार रोडच्या एका बोळात दस्तगीर घड्याळजींची टपरी होती. तिथवर जाईपर्यंत गणपतरावांच्या खिशाभोवती मुंग्यांची एक वरात जमली. दस्तगीरनं डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ फिरवलं, नखानं कड खरवडून जिभेला लावली आणि म्हणाला, "गूळ चांगला हाय." पण उघडायला तयार होईना. ते वर्ष स्मगलरांच्या धरपकडीचं होतं. परदेशी माल दिसला, की माणसं उगीच इकडंतिकडं बघत. "इलायती घड्याळ, आन् कागद न्हाय. उद्या कुणी इचारलं तर म्या काय सांगू? चोरटं न्हाय म्हणून दाखला आणा, मग हात लावतो."

दाखल्यासाठी गणपतराव एका कचेरीत गेले. तिथून त्यांना दुसरीकडं पाठवलं आणि दुसरीकडून परत पहिलीकडं, कारण तिथला पंखा चालू होता. तिथल्या कारकुनानं घड्याळ टेबलावर ठेवून त्याच्याकडं बराच वेळ बघितलं.

"परदेशी कशावरून?"

"सहाच्या खाली लिहिलेलं असतं."

"इथं तर काय नाही."

"होतं."

"होतं त्याचा दाखला आम्ही देत नाही. आहे त्याचा देतो." कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं सोडवून सांगितलं, "हे बघा, ह्याच्यावर कंपनी नाही, देश नाही, गाव नाही. म्हणजे हे घड्याळ कुठलंच नाही. आणि जे कुठलंच नाही, त्याला दाखला लागत नाही. जावा बिनघोर."

गणपतराव पायऱ्या उतरून खाली आले. अपमान त्यांचा झाला असता तर त्यांनी तो नेहमीप्रमाणे गिळला असता. पण घड्याळाला कुणी कुठलंच नाही म्हणावं! बेवारस म्हणावं! त्यांनी मनातल्या मनात खिडकीकडं बघितलं. खिडकी बंद होती. गाईसुद्धा आत बांधलेल्या होत्या.

दस्तगीरला मात्र हा निकाल पसंत पडला. त्यानं घड्याळ उघडलं, पेट्रोलनं धुतलं, आणि संध्याकाळी कानाला लावून म्हणाला, "मशीन वाघ हाय. काटं बी शाबूत हाईत. पर चेहरा माझं काम न्हाय. म्या पोटातलं बघतो." आणि त्यानं पुसून कोरी केलेली तबकडी कागदाच्या पुडीत बांधून गणपतरावांच्या हातात ठेवली.

"बादशहाकडं चला," बाळासो म्हणाले. गणपतरावांनी त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं दुसरा कुणी असता तर घरी गेला असता.

बादशहा पेंटर कोल्हापुरात कुणाला ठाऊक नव्हता? कुस्तीच्या मैदानांचे फलक त्याचे, मटणाच्या दुकानांवरचे बोकड त्याचे, ट्रकांच्या पाठीवरचे वाघ त्याचे. बोकड आणि वाघ यांच्या चेहऱ्यांत थोडं साम्य असे, पण रुबाब दोघांनाही असे. आणि प्रत्येक फलकाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात सही: 'बादशहा, कोल्हापूर'. शहराबाहेर पाऊल टाकायची वेळ ज्या फलकांवर कधी येणार नव्हती, त्यांच्यावरही 'कोल्हापूर' लिहिलेलं असे. एकदा त्यानं तांदळाच्या दाण्यावर पैलवान काढला होता म्हणत. दाणा कुठं गेला ते कुणाला माहीत नव्हतं, पण पैलवान होता याबद्दल दुमत नव्हतं.

लक्ष्मीपुरीतल्या आपल्या दुकानात बादशहानं तबकडी तळहातावर घेतली. गणपतराव सांगू लागले. आकडे कुठले, कसे, बाराच्या खाली कंपनीचं नाव काय. 'वॉटरप्रूफ' लिहू नका असंही त्यांनी आवर्जून सांगितलं.

"आन् सहाच्या खाली?"

गणपतरावांचा आवाज एकदम खाली आला. "तिथं... घडवलं कुठं ते. अस्सल घड्याळाला ते असतंच. सगळं काम झाल्यावर, अगदी शेवटी, ज्यानं तबकडी केली तो माणूस तिथं आपलं ठिकाण लिहितो. बारीक. मान खाली घालून. मोठेपणा न करता." बोलता बोलता बंद खिडकीची एक फट उघडली. म्हातारा परत कुंचला शोधत होता. "समजलं ना तुम्हाला?"

"पावणं, ह्ये मला सांगाय लागतंय व्हय?" बादशहाचे डोळे चमकले. "आमच्यात पैल्यापासनं तसंच हाय."

गणपतरावांचा ऊर भरून आला. तिकडं बर्फात एक माणूस आणि इकडं लक्ष्मीपुरीत एक माणूस, दोघांची रीत एक! एवढं समजून घेणाऱ्याला आणखी काय सांगायचं? 'स्विस' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. तो उच्चारायचा राहिला, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी दस्तगीरनं बादशहाकडून आलेली तबकडी बसवली, काटे लावले, काच दाबली आणि घड्याळ गणपतरावांपुढं धरलं. "झ्याक झालंय," तो म्हणाला, आणि मिशीत हसला. खरंच झ्याक झालं होतं. तबकडी परत सायीच्या रंगाची, आकडे सरळ, ठसठशीत. गणपतरावांची नजर सावकाश, चव घेत घेत खाली आली. सहाच्या खाली, काठाच्या वळणाबरोबर वळलेली, मुंगीएवढी, देखणी अक्षरं होती.

'कोल्हापूर'.

गणपतरावांनी भिंग मागितलं. भिंगातून ते मोठं कोल्हापूर दिसलं.

बादशहा शिडीवर उभा राहून एका पैलवानाच्या मांड्या रंगवत होता. गणपतरावांनी खालून घड्याळ वर धरलं.

"आवडलं?" बादशहानं वरून विचारलं.

"अहो, हे... हे स्विस घड्याळ आहे!"

"असंल की! पर तबकडी कुणी घडवली? म्या. कुठं घडवली? हितं. घडवलं कुठं त्ये लिवा म्हणालासा न्हवं? मग म्या काय खोटं लिवू?" बादशहा दुखावला होता. "स्वित्झर्लंडात माझा कोण बसलाय? आन् तुमच्यासाठी माझं नाव गाळलं की! जागा न्हवती. जन्मात पैल्यांदा बिननावाचं काम दिलंय म्या."

"पुसता येईल का?"

"रंग कवळा हाय. पुसाय गेलासा तर सहा बी जाईल."

सहाशिवाय घड्याळ सासऱ्यांना देता येत नाही, एवढं गणपतरावांनाही कळत होतं. ते घरी निघाले. वाटभर त्यांना वेगवेगळी उत्तरं सुचली, आणि सगळी एकाहून एक वाईट होती. एकच आशा होती. सुभेदारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता.

सुभेदार सयाजीराव येऊन खाटेवर बसले होते. डोक्याला पटका, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा कोट, त्यावर पदकं, पायांत आरशासारखे बूट, आणि डोळ्यांवर बाटलीच्या बुडाएवढ्या काचांचा नवा चष्मा. मोतीबिंदू काढून झाला होता. "आता मुंगीचं पाय बी मोजता येत्यात, जावईबापू," ते आनंदानं म्हणाले.

झुंबरबाई चहाची बशी घेऊन सैपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. बाळासो खिडकीत होते. गणपतरावांनी घड्याळ पुढं केलं.

"आबा, त्याचं असं झालं..."

सुभेदारांनी हात वर केला. घड्याळ घेतलं, किल्ली दिली, कानाला लावलं. त्यांचा चेहरा मऊ झाला. मग त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. आकड्यांवरून नजर फिरत फिरत खाली आली आणि थांबली. खिडकीतून बाळासो हळूच दिसेनासे झाले.

"ह्ये कुणी लिवलं?"

"बादशहा पेंटरनं," गणपतराव म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "चूक माझी आहे, आबा."

मग सुभेदार बोलू लागले, पण कुणाशी ते कळत नव्हतं.

"इटलीत डोंगरात हुतो आमी. खंदकात बसायचं, वर बरफ. लोकास्नी त्या बरफाचं कौतुक. त्येला चव न्हाय, वास न्हाय. नुसतं ह्ये घड्याळ बघत बसायचो. काटं हिरवं चमकायचं, आन् उजाडलं की खाली त्ये बारीक नाव दिसायचं. कुठल्या परक्या मुलखाचं. म्या म्हणायचो, सयाजी, तुज्या हातावर दुसऱ्याचं गाव बांदलंय, आपलं कवा दिसणार? मनातल्या मनात तितं 'कोल्हापूर' लिवून बघायचो. रोज. पर त्ये मोठं पडायचं. एवढ्याशा जागंत ह्ये मावतंय का, ह्येच्यातच सकाळ व्हायची." त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "मावतंय की, जावईबापू. झ्याक मावतंय."

झुंबरबाईंनी बशी खाली ठेवली आणि त्या बापाच्या पायाशी बसून रडल्या. गणपतरावही रडले. खिडकीतून बाळासोंचं डोकं परत वर आलं आणि ते म्हणाले, "म्या म्हणालोच हुतो, धुवा म्हणून."

मेळाव्यात त्या दिवशी भाषणं कुणी ऐकली नाहीत. मांडवाच्या एका कडेला म्हाताऱ्या सैनिकांची रांग लागली होती. एकेक जण पुढं येई, सयाजीरावांचं मनगट हातात घेई, वाकून वाची आणि बाजूला होई. एकाला दिसत नव्हतं. त्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, परत वाचा.

संध्याकाळी गणपतराव सासऱ्यांना स्टँडवर पोचवायला गेले. गाडी लागली होती. घड्याळ अजून सुभेदारांच्या हातावर होतं. गणपतरावांनी त्याच्याकडं शेवटचं बघून घेतलं. डब्यातली सगळी घड्याळं एका पारड्यात घातली तरी हे जड, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"आबा, घड्याळ तुमच्याकडंच राहू द्या."

"बरं झालं बोललासा," सुभेदार पायरीवर चढत म्हणाले. "म्या देणार न्हवतोच."

गणपतराव तिथून तसेच कारखान्यावर गेले. दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा होता. फाटकाशी उसाच्या गाड्यांची रांग होती आणि हवेत मळीचा वास होता. मलकापूरकडचा एक नवखा गाडीवान खाली उतरला. "सायेब, किती वाजलं?"

गणपतरावांनी बाही वर सरकवली. मनगटावर घड्याळाच्या जागी कातडीचा एक फिकट पट्टा होता. तरी त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं, उतरत्या उन्हाला तिरपं धरलं. त्या फिकट पट्ट्यात त्यांना एसटी दिसली. खिडकीशी एक म्हातारा बसला होता, डोक्याला पटका, आणि तो मान खाली घालून आपल्या मनगटाकडं बघत होता. हा कुठला म्हातारा, ते गणपतरावांना नीट ओळखू येईना. बाहेर बर्फ नव्हतं. उसाचे तुरे होते.

"आबांची गाडी आता बांबवड्याच्या पुढं गेली असेल," ते म्हणाले.

"सांजची मलकापूर गाडी व्हय?" गाडीवान म्हणाला. "मग भोंगा व्हायची येळ झाली की!"

आणि भोंगा झाला. टाइमकीपर गणपतराव इंगवल्यांनी कुणाला बरोबर वेळ सांगितल्याची कारखान्यातली ती पहिली खेप.